डेकेअर, आर-जीडीपी आणि टीपीएचं काउंटर : पाचपैकी चार स्टार

ताईच्या कॅन्सरची किमो जिथे चालू आहे त्या हॉस्पिटलला पाचपैकी चार. एक कुठे कापला ते खाली येईलच, आणि अर्धा न कापता अख्खा का कापला तेही.

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण कौतुकाबरोबर तक्रारही आहे आणि ताईची ट्रीटमेंट अजून तिथेच चालू आहे, उगाच कुणाशी वाकडं नको. पण पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या किमो डेकेअरमध्ये, म्हणजे ॲडमिट न होता दिवसात किमो घेऊन घरी जायच्या वॉर्डात, काय बघावं, काय विचारावं हे तुम्हाला यातून कळेल. मी डॉक्टर नाही, खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसून फाईल सांभाळणारी धाकटी बहीण आहे, तेव्हा औषधांबद्दल जे लिहिलंय ते तुमच्या हिमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांना, विचारल्याशिवाय स्वतःला लावून घेऊ नका.

तर ताईला डीएलबीसीएल, म्हणजे डिफ्यूज लार्ज बी सेल लिम्फोमा, बी सेल नावाच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, नॉन-हॉजकिन लिम्फोमातला सगळ्यात कॉमन प्रकार. पहिल्यांदा आर-चॉप नावाची किमो झाली, दर २१ दिवसांनी एक अशा ६ सायकल, पेट स्कॅन स्वच्छ आला, भाऊजींनी सोसायटीत पेढे वाटले. वर्ष उलटल्यावर मानेत परत गाठ. आर-चॉपने दहातले साधारण सहा जण कायमचे बरे होतात, उरलेल्यांत एकतर तो परत येतो किंवा मुळात दबतच नाही. ताई उरलेल्यांत निघाली.

आता या वेळी आम्ही डॉक्टर बदलले, हॉस्पिटलही बदललं, आणि इथली पहिलीच गोष्ट मला आवडली ती म्हणजे त्यांनी लगेच औषध सुरू करायला चक्क नकार दिला. पेटमध्ये गाठ चमकतेय, आधी कॅन्सर झालेला आहे, मग आता कशाला परत सुया टोचायच्या असं घरातल्या सगळ्यांचं मत होतं, पण डॉक्टर म्हणाले आपल्याकडे टीबीची गाठसुद्धा पेटमध्ये अशीच चमकते, बायोप्सी केल्याशिवाय मी एक थेंब देणार नाही. बायोप्सी झाली, रिपोर्टला वेळ लागला, तो काळ वाईट गेला, पण निदान नक्की काय आहे ते हातात कागदावर आलं. ज्यांच्या इथे नुसता पेट बघून दुसरी किमो लिहून देतात त्यांनी एकदा तरी विचारावं की बायोप्सी का नाही करत.

दुसरी गोष्ट, आणि चारातले दोन स्टार मी याच एका गोष्टीला दिलेत. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी अख्खा रस्ता सांगितला, प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला बाण काढून. हे झालं तर हे, नाही झालं तर ते, आणि प्रत्येक वळणावर साधारण खर्च किती. ताई स्वभावाप्रमाणे मध्येच म्हणाली, "डॉक्टर, सगळ्यात भारी औषध असेल ते आत्ताच देऊन टाका ना, कशाला ते पायरीपायरीने." तर ते हसले आणि म्हणाले, "मॅडम, आज जे देऊ त्याच्यानंतर उद्या काय देता येईल हे बघूनच आजचं ठरवावं लागतं." हे वाक्य भाऊजींनी डायरीत लिहून ठेवलंय.

त्या बाणांचा मतलब मला समजला तो असा. पहिल्या ट्रीटमेंटनंतर १२ महिन्यांच्या आत परत आला किंवा दबलाच नाही, तर अशा लोकांना नेहमीची दुसरी किमो आणि ट्रान्सप्लांट फारसं पुरं पडत नाही, तिथे कार-टी सेलचा (पेशंटच्याच पेशी बदलून परत देतात, खाली लिहिलंय) विचार लवकर करतात. १२ महिन्यांनंतर आला आणि पेशंटला झेपणारं असेल, तर आधी वेगळ्या औषधांची किमो, तिला सॅल्व्हेज म्हणतात, तिने गाठी दबल्या तर पेशंटच्याच स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या पेशी, काढून गोठवून ठेवायच्या, मग बीम नावाची जबरी किमो द्यायची आणि त्या सेल परत सोडायच्या, झालं ऑटोलोगस, म्हणजे स्वतःच्याच पेशींचं, ट्रान्सप्लांट. हा रस्ता १९९५ च्या पार्मा ट्रायलपासून चालत आलाय आणि ज्यांना सॅल्व्हेज लागू पडते त्यांच्यासाठी अजूनही चालतो. ताई या दुसऱ्या रस्त्यावर.

सॅल्व्हेजमध्ये पण प्रकार, आर-आईस, आर-डीएचएपी, आर-जीडीपी. आमच्या वाट्याला आर-जीडीपी आलं, रिटुक्सिमॅब, जेमसिटाबिन, डेक्सामेथासोन आणि सिसप्लॅटिन. मी विचारलं हेच का, तर २०१४ मध्ये कॅनडावाल्यांनी जीडीपी आणि डीएचएपी समोरासमोर लावून बघितलं होतं, गाठी दबण्यात जीडीपी मागे पडलं नाही आणि त्रास कमी, शिवाय ॲडमिट न होता डेकेअरमध्ये देता येतं. सगळी औषधं जुनी, भारतीय कंपन्यांची मिळतात, त्यातल्या त्यात महाग रिटुक्सिमॅबच, आणि त्याचंही २००७ पासून हैदराबादच्या डॉ. रेड्डीजचं भारतीय व्हर्जन आहे, नंतर इतर कंपन्याही उतरल्या. तर बजेटवाल्यांनी घाबरून जाऊ नये, निदान या पायरीवर तरी.

मग डेकेअर. पहिला दिवस लांबलचक, सकाळी गेलो की संध्याकाळीच सुटका. आधी काउंट (रक्तातल्या पेशी किती) आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय) बघतात, ठीक असेल तरच औषध मिक्स करायला पाठवतात. रिटुक्सिमॅबच्या आधी हिपॅटायटिस बी ची टेस्ट केली होती, ती सगळीकडे करायलाच हवी कारण झोपलेला व्हायरस या औषधाने उठू शकतो, तुमच्या फाईलमध्ये तो रिपोर्ट आहे का बघून घ्या. रिटुक्सिमॅब सुरुवातीला अगदी हळू सोडतात, थंडी वाजते का, पुरळ येतं का, बीपी पडतं का बघत बघत वाढवतात. सिसप्लॅटिनच्या आधी आणि नंतर सलाईनच्या बाटल्या, त्यात पोटॅशियम मॅग्नेशियम, कारण हे औषध किडनीला सोडत नाही, कानालाही नाही. आठव्या दिवशी फक्त जेमसिटाबिन, ते अर्ध्या तासाचं काम, तेवढ्यासाठी जाण्यायेण्यातच जास्त वेळ जातो.

इथल्या सिस्टर लोकांना माझा साष्टांग नमस्कार. व्हायल आणली की सील न फोडता आमच्यासमोर धरतात, नाव, ताकद, बॅच नंबर, एक्स्पायरी, ताईला स्वतःचं नाव आणि जन्मतारीख बोलायला लावतात, दर वेळी, ओळख कितीही झाली तरी. पहिल्या हॉस्पिटलमध्ये मिक्स करून आलेली पिशवी थेट टांगायचे, काय आहे ते विचारलं तर "किमो आहे" एवढंच. इथे मिक्सिंगला वेगळी खोली, काचेच्या कॅबिनेटमध्ये, आणि एक क्लिनिकल फार्मासिस्ट मुलगी आहे जी येऊन आजच्या डोसचा हिशोब समजावते, वजन कमी झालंय म्हणून एवढे मिलिग्रॅम कमी वगैरे. मी तिला एकदा विचारलं की उरलेल्या व्हायलचं काय करता, तर न चिडता उत्तर दिलं आणि रजिस्टर दाखवलं. न चिडता उत्तर ही पुण्यात किती दुर्मिळ गोष्ट आहे हे पुणेकरांना सांगायला नको.

शिरा सापडत नसतील तर किमो पोर्ट, म्हणजे कातडीखाली बसवायची सुई टोचायची डबी, आधीच बसवून घ्या. ताईचे हात आर-चॉपमध्येच काळेनिळे झाले होते, या वेळी पोर्ट बसवला, आता इंट्राकॅथवरून रडारड नाही.

खुर्च्या ठीकठाक. रेक्झिन फाटलेलं, एक खुर्ची मागे जातच नाही, ती तुमच्या नशिबी येऊ नये. एसी इतका गार की स्वेटर आणि मोजे घेऊनच जा. टीव्हीवर कायम मराठी सिरियल, आवाज बंद, तरी सगळ्या बायकांना कथा कळते. कँटीनचा चहा गोड मिट्ट, इडली बरी.

घरी काय होतं ते कुणी नीट सांगत नाही म्हणून सांगते. पहिले चार दिवस डेक्सामेथासोनच्या ४० मिलिग्रॅमच्या गोळ्या, त्या चार दिवसांत ताई म्हणजे नुसती वीज, रात्री दोन वाजता कपाट आवरतेय, शुगर मात्र तीनशेच्या पुढे, त्यामुळे डायबेटिस नसला तरी घरी मशीन ठेवा. पाचव्या दिवशी धपकन खाली, उठवत नाही. उलट्यांसाठी आता औषधं चांगली आहेत, रात्री ओलांझापिनची छोटी गोळी दिली होती तिने ताईला सगळ्यात जास्त फरक पडला, झोपही लागली. पण फोडणीचा वास सहन व्हायचा नाही, भाऊजी बाल्कनीत इंडक्शन नेऊन भाजी करायचे. मऊ भात, मेतकूट, तूप, लिंबाचं लोणचं नको कारण तोंड आलेलं. पाणी उकळलेलंच. आम्ही सिंहगड रोडला राहतो, २०२५ च्या जानेवारीत इथे जीबीएसची (नसांवर हल्ला करणाऱ्या आजाराची) साथ आली तेव्हापासून तसंही पाण्यावर कुणाचा विश्वास उरलेला नाही.

जेमसिटाबिनने प्लेटलेट पडतात, ते अपेक्षितच असतं. पांढऱ्या पेशींसाठी किमो संपल्यावर निदान २४ तास जाऊ देऊन पेगचं, म्हणजे त्या पेशी वाढवणारं, इंजेक्शन, ते फ्रीजमध्ये २ ते ८ डिग्रीत ठेवायचं, फ्रीजरमध्ये नाही, दारात पण नाही. आणि ताप. १००.४ च्या वर एकदा जरी गेला तरी क्रोसिन देऊन वाट बघायची नाही, सरळ कॅज्युअल्टी. डेकेअरने एक लाल कार्ड दिलंय, त्यावर हेच लिहिलंय, कॅज्युअल्टीत ते दाखवलं की रांगेत बसवत नाहीत, लगेच ब्लड कल्चर आणि अँटिबायोटिक. गणपतीत ताईचे काउंट तळाला होते आणि तिला दगडूशेठला जायचंच होतं, दर वर्षीचा नेम. सिस्टरनी तिला दम दिला, "मावशी, बाप्पा मोबाईलवर दिसतो, गर्दीतला खोकला नाही दिसत." ऐकलं बुवा तिने.

नातेवाईकांचा एक वेगळा ताप असतो. गुळवेलाचा काढा, गव्हांकुर, कुणाच्या तरी ओळखीचा वैद्य. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गुळवेलाने लिव्हर बिघडलेले पेशंट मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेत, किमो चालू असताना तर अजिबात नको. मी काढ्याची बाटली कुंडीत ओतली, आत्याला कळवलेलं नाही.

आता शेजारच्या खुर्च्या, कारण डेकेअरमध्ये खरं शिक्षण तिथेच होतं. एक सत्तरी ओलांडलेले काका, आमच्यासारखाच डीएलबीसीएल, पण हार्टमुळे ट्रान्सप्लांट झेपणारं नाही, त्यांना पोलाटुझुमॅब, बेंडामस्टिन आणि रिटुक्सिमॅब. पोलाटुझुमॅब म्हणजे अँटिबॉडीला (ठरावीक खुणेला चिकटणाऱ्या प्रथिनाला) विष जोडलेलं असतं, ती बी सेलवरच्या सीडी७९बी नावाच्या खुणेला जाऊन चिकटते आणि विष आत सोडते. अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झालं, त्या ट्रायलमध्ये नुसत्या बेंडामस्टिन-रिटुक्सिमॅबने साधारण १८ टक्के लोकांच्या गाठी पूर्ण गेल्या आणि पोला जोडल्यावर ४० टक्के. महाग प्रकरण आहे. सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा १२ टक्के जीएसटी शून्य झाला, काकांच्या मुलाने दोन बिलं शेजारी ठेवून दाखवली मला.

मी लगेच आमच्या डॉक्टरांना, मग ताईला हे का नाही? तेव्हा क्रमाची भानगड पुन्हा समजली. बेंडामस्टिन टी सेलना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींना, बराच काळ बसवून टाकतं, आणि उद्या ट्रान्सप्लांटचा रस्ता बंद झाला आणि कार-टी करायची वेळ आली तर ताईच्याच टी सेल काढाव्या लागणार, त्या दमलेल्या निघाल्या तर काय उपयोग. म्हणून तरुण किंवा फिट पेशंटमध्ये ते औषध मागे ठेवतात. काकांना कार-टी करायचीच नाहीये, म्हणून त्यांना चालतं. एकाच आजाराचे दोन पेशंट, शेजारी शेजारी, औषधं पूर्ण वेगळी आणि दोन्ही बरोबर. म्हणून वेटिंगमध्ये बसून "तुम्हाला कुठलं चालू आहे" विचारून घरी येऊन डॉक्टरांवर संशय घेऊ नका, जाऊन विचारा.

दुसरा एक कॉलेजचा मुलगा, साताऱ्याकडून येतो, त्याला हॉजकिन, लिम्फोमाचाच दुसरा प्रकार, परत आलेला. त्याला ब्रेंटुक्सिमॅब, तेही अँटिबॉडी अधिक विष, पण सीडी३० नावाच्या खुणेवर जाणारं. गुण चांगला आहे पण बोटं बधिर झालीत, शर्टाची बटणं लावायला आई लागते. असं झालं की डॉक्टरांना लगेच सांगायचं असतं, डोस कमी करतात किंवा थांबवतात, हा मुलगा दोन सायकल गप्प बसला होता, औषध बंद करतील म्हणून. हॉजकिनसाठी पुढची पायरी म्हणून निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब आहेत, ती किमो नाहीत, स्वतःच्या प्रतिकारशक्तीवरचा ब्रेक काढतात, त्यामुळे त्रासही वेगळ्या जातीचे, थायरॉइड, जुलाब, फुप्फुसाची सूज.

कार-टी बद्दल. व्हॉट्सॲपवर सगळ्यांनी पाठवलं, "आयआयटी मुंबईने कॅन्सरवर स्वस्त औषध शोधलं." नेक्सकार१९ त्याचं नाव, आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियलचं काम, ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपतींच्या हस्ते सुरू झालं. बाटलीत मिळणारं औषध नाही ते, पेशंटच्या टी सेल काढून लॅबमध्ये बदलून परत देतात. स्वस्त म्हणजे अमेरिकेतल्या येस्कार्टाची नुसती औषधाची किंमत २०१७ मध्ये ३ लाख ७३ हजार डॉलर होती त्या मानाने स्वस्त, आपल्यासाठी तीस-चाळीस लाख हा आकडा घर विकायला लावणाराच आहे. गुण मात्र दिसतोय, २०२५ मध्ये छापून आलेल्या भारतीय ट्रायलमध्ये ७३ टक्के पेशंटना प्रतिसाद मिळाला, आणि ते सगळे आधीची औषधं संपलेले लोक होते. आमच्या कागदावर तो शेवटच्या आधीचा बाण आहे. सेकंड ओपिनियनला डेक्कन क्वीनने टाटाला जाऊन आलो, बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड घेऊन, तिथेही हाच क्रम सांगितला. पुण्यातल्या डॉक्टरांना सेकंड ओपिनियनचा राग आला नाही, उलट समरी स्वतः टाइप करून दिली.

औषधाच्या किमतीबद्दल एकच सांगते, छापील किंमत बघून भोवळ आणू नका आणि त्या किमतीला घेऊही नका. २०१९ मध्ये सरकारने ४२ कॅन्सर औषधांवरचं दुकानदारांचं मार्जिन ३० टक्क्यांवर बांधलं तरी एमआरपी आणि खरा दर यात अजूनही भरपूर अंतर असतं. सदाशिव पेठेतल्या होलसेलवाल्यांकडे आणि कॅन्सरची औषधं ठेवणाऱ्या दोन-तीन ऑन्को फार्मसीत फोन करून रिटुक्सिमॅब ५०० चा दर विचारा, तेच मॉलिक्यूल, वेगळी कंपनी, वेगळा भाव. इथलं हॉस्पिटल बाहेरून आणलेली व्हायल घेतं, पण पक्कं बिल आणि बर्फाचा डबा असेल तरच, जे मला योग्य वाटतं. डबा उघडल्यावर जेल पॅक वितळलेले दिसले तर त्या दुकानाला परत द्या, सरळ.

आणि आता कापलेला स्टार. टीपीए काउंटर, म्हणजे इन्शुरन्सच्या कॅशलेसची कागदपत्रं बघणारी खिडकी. दुपारी जेवणाच्या सुट्टीत पाटी लावून गायब, पाटीवरची भाषा अस्सल पुणेरी. प्री-ऑथ, म्हणजे कंपनीकडे आगाऊ मंजुरीची विनंती, पाठवली का विचारलं तर "पाठवली", कंपनीला फोन केला तर "आलीच नाही". रिलॅप्स, म्हणजे परत आलेला आजार, हा जुनाच आजार आहे म्हणून कंपनीची क्वेरी आली, तिचं उत्तर द्यायला डॉक्टरांची दोन ओळींची चिठ्ठी पुरेशी होती, पण ती चिठ्ठी हवीय हे आम्हाला दुसऱ्या दिवशी सांगितलं, तोपर्यंत ताई खुर्चीवर सुई लावून बसलेली आणि औषध मिक्सिंगला जाईना. मग मीच वाचून गेले. इर्डाचा, म्हणजे इन्शुरन्स कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे, मोनोक्लोनल अँटिबॉडीची (रिटुक्सिमॅबसारखी) इंजेक्शनं, तोंडाने घ्यायची किमो, रक्ताच्या आजारातला स्टेम सेल ट्रान्सप्लांट, हे कंपनीला सरसकट वगळता येत नाही, पॉलिसीत मर्यादा घालता येते, ती किती हे तुमच्या पॉलिसीत बघा. आणि २०२४ च्या सर्क्युलरप्रमाणे कॅशलेसचा निर्णय विनंती मिळाल्यापासून एका तासात द्यायचा असतो. हे छापून काउंटरवर ठेवलं तेव्हा पहिल्यांदा त्या गृहस्थांनी मान वर करून बघितलं. नर्सनी जीव तोडून वेळेचं गणित सांभाळायचं आणि खाली एका माणसाच्या आळसामुळे किमो दुसऱ्या दिवसावर जायची, म्हणून अर्धा नाही, अख्खा स्टार कापला. ज्यांच्याकडे पॉलिसी नाही त्यांनी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला गाठा, आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी आहे, ५ लाखांपर्यंत, पण तुमचं नेमकं औषध पॅकेजमध्ये बसतं का ते आधी विचारा.

ताईचं सध्या असं की दोन सायकलनंतरच्या पेटमध्ये डॉव्हिल २ आला. गाठी किती चमकतात त्याचा हा १ ते ५ असा स्कोअर असतो, १, २ चांगला, ३ सुद्धा बहुतेक वेळा चालतो, ४-५ म्हणजे औषध लागू नाही. आता स्टेम सेल काढायची तयारी चालू आहे, त्या पेशी रक्तात उतरवणारी ग्राफिलची इंजेक्शनं घरीच घेतोय. ट्रान्सप्लांट युनिटचा रिव्ह्यू वेगळा लिहीन, ते झाल्यावर.

जाणाऱ्यांसाठी: सोमवार टाळा, रविवारचे तुंबलेले सगळे त्या दिवशी येतात. ब्लड आदल्या दिवशी घराजवळच्या लॅबमध्ये देऊन रिपोर्ट घेऊनच जा, दोन तास वाचतात. बेसमेंट पार्किंग दहाच्या आत भरतं आणि रस्त्यावर लावली तर टोइंगवाले उचलतात, रिक्षा किंवा मेट्रोच बरी.